एकच मूत्रपिंड आणि ल्युटेशियमच्या चार फेऱ्या : मात्रामापनाचे एक प्रकरण

अण्वौषध विभागात ल्युटेशियम-१७७ या किरणोत्सारी औषधाविषयी ‘डोस किती दिला?’ असा प्रश्न आला की उत्तर बहुधा एका शब्दात मिळते : ‘दोनशे’. हे दोनशे म्हणजे दोनशे मिलिक्युरी, आजच्या एककात ७.४ गिगाबेक्वेरल. बोलीभाषेत याला डोस म्हणत असले तरी ही खरे तर औषधाची सक्रियता आहे. बाटलीतून रुग्णाच्या शिरेत किती किरणोत्सारी द्रव्य गेले, एवढेच ती सांगते. रुग्णाच्या यकृतातील गाठीला, मूत्रपिंडाला किंवा अस्थिमज्जेला दर किलोग्रॅममागे किती ऊर्जा मिळाली, म्हणजे किती ग्रे शोषित मात्रा पोहोचली, हे त्या आकड्यावरून कळत नाही. बाह्य किरणोपचारात कोणी डॉक्टर ‘यंत्र दहा मिनिटे चालवा’ असे लिहून देत नाही. तो ग्रे लिहून देतो. किरणोत्सारी औषध शिरेतून देण्याच्या रेणवीय किरणोपचारात मात्र यंत्र किती वेळ चालले एवढेच लिहून ठेवण्यासारखी पद्धत अनेक दशके चालत आली आणि बहुतेक रुग्णांच्या बाबतीत ती निभावूनही गेली. ती जेथे निभावत नाही, अशा एका प्रसंगाचा हा हिशेब आहे.

येथे मांडलेला रुग्ण म्हणजे कोणी एक खरी व्यक्ती नव्हे, हे आधीच सांगायला हवे. अध्यापनासाठी रचलेले हे प्रातिनिधिक प्रकरण आहे. रुग्णाचे मोजमाप वाचकाला स्वतः पडताळता यावे अशा बेताने घेतले आहे. औषध, किरण, सूत्रे आणि मर्यादा यांविषयीची माहिती मात्र प्रत्यक्षातली आहे.

रुग्ण आणि प्रश्न

सातारा जिल्ह्यातील ६१ वर्षांचे एक शेतकरी. लहान आतड्यातील न्यूरोएंडोक्राइन अर्बुद (संप्रेरके स्रवणाऱ्या पेशींची गाठ), यकृतात अनेक ठिकाणी पसरलेले. गाठींना आवर घालणाऱ्या ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शने चालू असतानाही गाठी वाढत असल्याचे सीटी स्कॅनमध्ये दिसले होते आणि गॅलियम-६८ डोटाटेट पेट स्कॅनमध्ये त्या सर्व गाठी यकृताच्या निरोगी भागापेक्षा कितीतरी ठळक उमटल्या होत्या. म्हणजे पेशींच्या पृष्ठभागावर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचे ग्राहक भरपूर होते आणि त्याच ग्राहकांना चिकटणाऱ्या ल्युटेशियम-१७७ डोटाटेटचा उपचार योग्यच होता. अडचण दुसरीकडे होती. खड्याने अडून निकामी झालेले डावे मूत्रपिंड अकरा वर्षांपूर्वी काढलेले होते. मधुमेह बारा वर्षांचा, रक्तदाबाची गोळी रोजची, आणि मूत्रपिंडाच्या गाळणीचा अंदाजी वेग मिनिटाला ५८ मिलिलिटर. पहिल्या भेटीत रुग्णाने स्वतःच सांगितले, ‘‘डॉक्टरसाहेब, किडनी एकच आहे, तेवढी सांभाळून द्या.’’ या प्रकरणातला सारा प्रश्न त्या एका वाक्यात आला होता. तो आकड्यांत मांडायला मात्र पुढचे सहा महिने लागले.

रूढ योजना सर्वांना ठाऊक असते : दर आठ आठवड्यांनी ७.४ गिगाबेक्वेरल, अशा चार फेऱ्या, एकूण २९.६ गिगाबेक्वेरल. या औषधाच्या ‘नेटर-१’ या चाचणीत हीच योजना वापरली गेली, तिचे निष्कर्ष जानेवारी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि औषधाच्या मान्यतापत्रकावरही तीच योजना आली. वजन ५० किलो असो वा ९०, मूत्रपिंडे दोन असोत वा एक, योजना तीच राहते. त्याच मान्यतापत्रकात मूत्रपिंडाच्या शोषित मात्रेचे सरासरी मूल्य दर गिगाबेक्वेरलमागे ०.६५ ग्रे दिलेले आहे, म्हणजे चार फेऱ्यांत सुमारे १९.४ ग्रे. पण त्या सरासरीशेजारचे प्रमाण विचलन ८.७ ग्रे आहे, याकडे लक्ष जाईलच असे नाही. सरासरीच्या जवळजवळ निम्मे विचलन असेल तर ‘सरासरी रुग्ण’ ही सोयीची कल्पना उरते, आणि समोर बसलेल्या माणसाच्या मूत्रपिंडाला १२ ग्रे मिळतील की २८, हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

मूत्रपिंडाचीच काळजी का, याचे कारण औषधाच्या प्रवासात आहे. डोटाटेट हे लहान पेप्टाइड असल्याने ते गाळणीतून लघवीच्या नलिकांत उतरते आणि त्यातले काही मूत्रपिंडाच्या बाह्यकातील समीपस्थ नलिकांच्या पेशी परत ओढून घेऊन धरून ठेवतात. ही ओढ कमी व्हावी म्हणून औषधाच्या अर्धा तास आधीपासून लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांचे, प्रत्येकी २५ ग्रॅमचे, सलाइन चार तास चालवतात. त्याने मात्रा बरीच घटते, शून्य मात्र होत नाही.

मर्यादा कोणती धरायची

सर्वत्र उद्धृत होणारी २३ ग्रे ही मर्यादा ल्युटेशियमच्या अनुभवातून आलेली नाही. १९९१ मध्ये बाह्य किरणोपचारासाठी संकलित झालेल्या सहनशक्तीच्या कोष्टकात, संपूर्ण मूत्रपिंडाला २३ ग्रे मिळाल्यास पाच वर्षांत ५ टक्के रुग्णांना इजा संभवते, असा अंदाज होता. तेथे दर खेपेला किरण काही मिनिटांत आणि अवयवभर सारख्या प्रमाणात पोहोचतात. येथे ते कित्येक दिवस झिरपत राहतात आणि बाह्यकात जास्त, मध्यांशात कमी असे असमान पसरतात. तरीही स्वीडनमधील उप्साला येथील रुग्णालयाने कित्येक वर्षे याच २३ ग्रेच्या आधारे प्रत्येक रुग्णाच्या फेऱ्या ठरवल्या आणि तेथे काहींना चारपेक्षा कमी तर काहींना जास्त फेऱ्या मिळाल्या.

दुसरी फूटपट्टी जैविक परिणामी मात्रेची आहे. तीच ऊर्जा हळूहळू मिळाली तर पेशींना दुरुस्तीला वेळ मिळतो, हे या मात्रेत धरलेले असते. येथे ब्रसेल्समधील एका अभ्यासाचा उल्लेख टाळता येणार नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात यिट्रियम-९० डोटाटॉक (याच प्रकारचे, पण यिट्रियम जोडलेले औषध) घेतलेल्या रुग्णांचे मूत्रपिंड नंतर किती झपाट्याने खालावले, हे पाहिले होते. प्रमाण माणसाच्या मूत्रपिंडाचे वजन धरून केलेल्या हिशेबात मात्रा आणि इजा यांचा संबंध लागत नव्हता. प्रत्येकाच्या मूत्रपिंडाचे आकारमान सीटीवरून मोजून घेतले आणि मात्रेच्या दराची दुरुस्ती केली, तेव्हा तो संबंध स्पष्ट झाला. जैविक परिणामी मात्रा ४५ ग्रेच्या वर गेलेल्यांचे मूत्रपिंड वेगाने खालावले होते. त्यानंतरच्या काळात धोक्याचे घटक नसलेल्या रुग्णासाठी ४० ग्रे आणि मधुमेह, उच्च रक्तदाब यांसारखे घटक असलेल्यासाठी २८ ग्रे, असे दोन टप्पे रूढ झाले. आपल्या रुग्णाला हे दोन्ही घटक होते, शिवाय मूत्रपिंड एकच होते. त्याच्यासाठी २८ चाच टप्पा धरायला हवा, यावर ट्यूमर बोर्डात (कर्करोगाचे निरनिराळे तज्ज्ञ एकत्र निर्णय घेतात त्या मंडळात) मतभेद झाला नाही.

पहिली फेरी : तीन स्कॅन

औषध तुर्भ्याच्या वाटेने आले. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ध्रुव अणुभट्टीत समृद्ध ल्युटेशियम-१७६ वर न्यूट्रॉनांचा मारा करून ल्युटेशियम-१७७ तयार होते. महाराष्ट्रातील रुग्णांपर्यंत हे औषध वाजवी खर्चात पोहोचण्यामागे त्या अणुभट्टीचा मोठा वाटा आहे. बाटली डोस कॅलिब्रेटरमध्ये (सक्रियता मोजणाऱ्या यंत्रात) मोजली ७.५२ गिगाबेक्वेरल, सलाइन संपल्यावर बाटलीत आणि नळ्यांत उरलेले ०.१२ गिगाबेक्वेरल वजा केले, शरीरात गेले ७.४०. ही वजाबाकी क्षुल्लक वाटते, पण साखळीची पहिली कडी हीच आहे आणि येथे झालेली चूक शेवटपर्यंत तशीच्या तशी वाहत जाते. कॅलिब्रेटरचे वाचन बाटलीच्या आकाराप्रमाणे आणि काचेच्या जाडीप्रमाणे थोडे बदलते, म्हणून ज्या प्रकारच्या बाटलीत औषध येते त्याच प्रकारासाठी दुरुस्ती काढून ठेवलेली असावी लागते.

ल्युटेशियम-१७७ ची एक सोय अशी की उपचार करणारे बीटा कण आणि चित्र देणारे गॅमा किरण एकाच केंद्रकातून निघतात. बीटा कणांची कमाल ऊर्जा सुमारे ४९८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट असून ऊतीतली त्यांची मजल जास्तीत जास्त सुमारे दोन मिलिमीटर आहे. २०८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरण दर शंभर विघटनांत दहाच्या आसपास निघतात. चित्र काढायला तेवढे पुरतात, आणि कॅमेरा त्यांच्या वर्षावाने गुदमरतही नाही.

तीन वेळा स्पेक्ट-सीटी (गॅमा कॅमेऱ्याचे त्रिमित चित्र आणि सीटी एकत्र) करायचे ठरले : २४ तासांनी, ९६ तासांनी आणि १६८ तासांनी. पहिला स्कॅन रुग्ण घरी जाण्यापूर्वीच झाला. उरलेल्या दोन्हींसाठी तो आठवडाभर मुंबईत मेहुण्याच्या घरी राहिला, तेही त्या घरात लहान मूल किंवा गरोदर स्त्री नाही याची खात्री करून. मात्रामापनाच्या शास्त्रीय लेखांत ‘तीन वेळा प्रतिमांकन’ हे तीन शब्दांत उरकते. प्रत्यक्षात त्यासाठी ऐन कांदा काढणीत गाव सोडून एक आठवडा बाहेर राहावे लागते.

कॅमेऱ्याने दिलेली मोजणी म्हणजे सेकंदाला इतके ठोके. त्यांचे मेगाबेक्वेरलमध्ये रूपांतर करायला आधी त्याच कॅमेऱ्यावर, त्याच कॉलिमेटरने (कॅमेऱ्यापुढच्या, किरणांची दिशा निवडणाऱ्या शिशाच्या जाळीने), ठाऊक सक्रियतेचे ल्युटेशियम पाण्यात मिसळून भरलेले दंडगोल फँटम, म्हणजे शरीराऐवजीचे नमुना-भांडे, मोजून ठेवावे लागते. प्रतिमेतही शरीरात शोषले गेलेल्या आणि वाट वाकडी करून आलेल्या फोटॉनांची दुरुस्ती लागते. हे काम यंत्रासोबतची संगणकप्रणाली करते, त्यामुळे ते आपोआप होते असा समज पसरतो. वस्तुतः ती प्रणाली तिला सांगितलेले गुणांक वापरते. गुणांक दुसऱ्या कॉलिमेटरचे असले तरी ती तक्रार करत नाही.

सर्व दुरुस्त्यांनंतर उजव्या मूत्रपिंडातील सक्रियता मिळाली ती अशी : २४ तासांनी १७४ मेगाबेक्वेरल, ९६ तासांनी ७०, १६८ तासांनी २८.५. पहिल्या दोन बिंदूंवरून अर्धायुष्य ५४.८ तास येते, पुढच्या दोहोंवरून ५५.५. म्हणजे वक्र एकाच घातांकाने उतरतो आहे आणि परिणामी अर्धायुष्य ५५ तास धरायला हरकत नाही. ल्युटेशियमचे स्वतःचे अर्धायुष्य सुमारे ६.६५ दिवसांचे आहे. मूत्रपिंड औषध सोडते म्हणून ते येथे दोन दिवसांच्या थोडे वर इतके खाली आले. वक्र मागे नेऊन आरंभीची सक्रियता २३६ मेगाबेक्वेरल आली आणि वक्राखालचे क्षेत्रफळ, म्हणजे त्या मूत्रपिंडात झालेल्या एकूण विघटनांचे माप, सुमारे १८,७०० मेगाबेक्वेरल-तास.

येथून पुढचा हिशेब खरे तर भागाकाराचा आहे. ल्युटेशियमच्या एका विघटनात बीटा आणि इतर इलेक्ट्रॉनांची मिळून सरासरी १४७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा जागच्या जागी मुरते; त्यावरून एक ग्रॅम ऊतीत एक मेगाबेक्वेरल-तास म्हणजे ०.०८४८ ग्रे. शेजारच्या अवयवांतून येणाऱ्या गॅमा किरणांचा वाटा मूत्रपिंडाच्या बाबतीत लहान असतो, तो येथे सोडला आहे. तेव्हा ०.०८४८ गुणिले १८,७००, भागिले मूत्रपिंडाचे वजन.

भाजक

आणि वजन किती धरायचे, या प्रश्नापाशी प्रकरण अडले.

अवयवनिहाय हिशेब करणाऱ्या प्रणालीत प्रमाण प्रौढ पुरुष आधीच भरून ठेवलेला असतो आणि त्याच्या दोन्ही मूत्रपिंडांचे मिळून वजन असते २९९ ग्रॅम. पहिला मसुदा तयार करताना हाच आकडा तसाच राहिला. मात्रा आली ५.३ ग्रे, चार फेऱ्यांची २१.२. तेवीसच्या आत, म्हणून शेरा पडला : ‘चारही फेऱ्या देता येतील.’ कागद पाहून कोणालाच शंका आली नसती, कारण हिशेबात गणिताची चूक कोठेच नव्हती. फक्त तो हिशेब दोन मूत्रपिंडे असलेल्या दुसऱ्याच माणसाचा होता.

मसुदा तपासणाऱ्या भौतिकतज्ज्ञाने अलीकडच्या सीटीवरून उजव्या मूत्रपिंडाची सीमा छेदागणिक हाताने आखली. जोडीदार गेल्यावर उरलेले मूत्रपिंड वाढते, तसे हेही वाढलेले होते. तरी त्याचे आकारमान भरले २२९ मिलिलिटर, म्हणजे वजन सुमारे २४० ग्रॅम. मात्रा आता ६.६ ग्रे. चार फेऱ्यांची २६.४. उत्तर उलटले.

पण हाताने आखलेली सीमाही एकच नसते. मूत्रपिंडाच्या मधल्या पोकळीतील चरबी आणि मूत्रकुंड आत घेतले असते तर आकारमान २६५ मिलिलिटर झाले असते, वजन २७८ ग्रॅम, मात्रा ५.७, चार फेऱ्यांची २२.८, पुन्हा तेवीसच्या आत! किरणांची इजा होते ती गाळणीच्या आणि नलिकांच्या ऊतीला. चरबी भाजकात घेतल्याने मात्रा कागदावर पातळ होते, मूत्रपिंडात नाही. म्हणून केवळ कार्यक्षम ऊती मोजण्याचा निर्णय झाला आणि तो अहवालात तसा लिहिला. सीमा कोणती घेतली हे अहवालात लिहिलेच नसेल, तर मात्रेचा आकडा दशांशाच्या कितव्या स्थानापर्यंत दिला आहे याला माझ्या मते काही अर्थ उरत नाही.

अंशातही एक सापळा होता. गॅमा कॅमेऱ्याचे चित्र धूसर असते. मूत्रपिंडाच्या कडेवरची सक्रियता चित्रात सीमेबाहेर सांडते आणि आत मोजली जात नाही. मूत्रपिंडाच्या आकाराचे फँटम भरून पाहिले तेव्हा या कॅमेऱ्यावर खऱ्या सक्रियतेच्या ८५ टक्केच सीमेच्या आत सापडत होती. वर दिलेले १७४, ७० आणि २८.५ हे आकडे या दुरुस्तीनंतरचे आहेत. दुरुस्ती केली नसती तर ६.६ ऐवजी ५.६ ग्रे आले असते आणि चार फेऱ्या २२.४ वर थांबल्या असत्या. याउलट सांडणीही होती : यकृताच्या सहाव्या खंडातील एक गाठ मूत्रपिंडाच्या वरच्या टोकाला अगदी खेटून होती आणि श्वासाबरोबर दोन्ही वरखाली होत असल्याने तिची सक्रियता मूत्रपिंडाच्या हद्दीत उतरत होती. तेवढा टोकाचा भाग वगळून उरलेल्या भागातील प्रति ग्रॅम सक्रियता संपूर्ण मूत्रपिंडाला लावली. चित्रावर उंबरठा ठरवून संगणकाला सीमा आखू दिली असती, तर त्याने गाठ आणि मूत्रपिंड मिळून एकच अवयव केला असता.

प्रमाण वजन, पोकळीची चरबी, धूसर कड : या तिन्हींपैकी कोणतीही एक गोष्ट दुर्लक्षिली तरी चार फेऱ्या ‘मर्यादेत’ बसत होत्या, आणि तिन्ही चुका एकाच दिशेला नेणाऱ्या होत्या. हे आकडे येथे मुद्दाम असे घेतले आहेत हे मान्य. पण तेवीसच्या अलीकडे-पलीकडे असणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत असे घडायला मुद्दाम काही करावे लागत नाही.

दुसरी आणि तिसरी फेरी

दुसऱ्या फेरीला रुग्णाने आठवडाभर राहणे शक्य नसल्याचे सांगितले आणि त्याची गरजही नव्हती. पहिल्या फेरीत त्याच्या मूत्रपिंडाचे अर्धायुष्य कळले होते; ते फारसे बदलत नाही असे धरले तर ९६ तासांचा एकच स्कॅन पुरतो. एकाच स्कॅनवर मात्रा काढण्याचे एक सोपे सूत्र २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते आता सर्रास वापरले जाते : चौथ्या दिवसाची प्रति ग्रॅम सक्रियता, गुणिले स्कॅनपर्यंतचे तास, गुणिले ०.२५. अर्धायुष्य मुळीच ठाऊक नसतानाही ते बऱ्यापैकी चालते. पहिल्या फेरीच्या आकड्यांवर ते लावले तर ७० भागिले २४०, गुणिले ९६, गुणिले ०.२५, म्हणजे ७.० ग्रे येतात. तीन स्कॅनांच्या ६.६ पेक्षा सहा टक्के जास्त. ज्या रुग्णालयात तीन स्कॅन परवडत नाहीत म्हणून एकही होत नाही, तेथे या सहा टक्क्यांची भीती बाळगण्याचे कारण नाही.

आपल्या रुग्णासाठी त्याचेच ५५ तास वापरले. दुसऱ्या फेरीत चौथ्या दिवशी मूत्रपिंडात ७२ मेगाबेक्वेरल होते, म्हणजे ६.८ ग्रे; तिसरीत ७४, म्हणजे ७.० ग्रे. तीन फेऱ्यांची बेरीज २०.४ ग्रे.

त्याच चित्रांवर यकृतातील एका ठळक गाठीचीही मात्रा काढली जात होती. पहिल्या फेरीत चौथ्या दिवशी तिच्यात ४४ ग्रॅममध्ये ६६ मेगाबेक्वेरल होते, म्हणजे वरच्या सूत्राने ३६ ग्रे. दुसरीत ३१. तिसरीत गाठ ३६ ग्रॅमची उरली होती आणि तिच्यात होते ३३ मेगाबेक्वेरल : २२ ग्रे. सक्रियता तिन्ही वेळा तीच, दोनशे मिलिक्युरी. गाठीला मिळणारी मात्रा मात्र तिसऱ्या फेरीपर्यंत जवळजवळ चाळीस टक्क्यांनी उतरली आणि मूत्रपिंडाची किंचित चढली. गाठी लहान होतात, औषध धरून ठेवणाऱ्या पेशी घटतात, आणि जे औषध गाठींनी घ्यायचे ते थोडे अधिक मूत्रपिंडाच्या वाट्याला येते. हा उतार पुष्कळ रुग्णांत दिसतो. ‘डोस’ या शब्दाने दोनशे मिलिक्युरी समजणाऱ्याला तो कधीच दिसणार नाही, कारण त्याच्या वहीत तिन्ही ओळी सारख्याच आहेत.

अस्थिमज्जेचा हिशेब येथे लांबवत नाही. तिची मात्रा या औषधात साधारण कमी राहते, आणि दर फेरीआधीच्या रक्ततपासणीत प्लेटलेट किंवा पांढऱ्या पेशी चिंता वाटावी इतक्या खाली गेल्या नव्हत्या.

चौथी फेरी

चौथ्या फेरीआधी ट्यूमर बोर्डापुढे एक पानी टिपण ठेवले गेले. पूर्ण फेरी दिली तर मूत्रपिंडाची बेरीज सुमारे २७.४ ग्रे होणार होती. जैविक परिणामी मात्रा काढताना मूत्रपिंडासाठी अल्फा-बीटा गुणोत्तर (मात्रा किती हळू मिळते याचा ऊतीवर किती फरक पडतो, याचे माप) २.५ ग्रे आणि दुरुस्तीचे अर्धायुष्य २.८ तास धरले. त्याने पहिल्या तीन फेऱ्यांचे ७.४, ७.७ आणि ७.९ मिळून (पुढचे दशांश न सोडता बेरीज केल्यास) २३.१ ग्रे येतात आणि चौथी पूर्ण दिल्यास ३१.० ग्रे. चाळीसच्या टप्प्यात हे सहज बसते, अठ्ठावीसच्या टप्प्यात बसत नाही. फेरी निम्मी केली, म्हणजे १०० मिलिक्युरी दिले, तर शोषित मात्रा २३.९ आणि जैविक परिणामी मात्रा २६.८, एक मर्यादा थोडी ओलांडली जाते, दुसरी पाळली जाते.

टिपणात अनिश्चिततेची ओळही होती आणि चर्चेचा बराच वेळ तिच्यावर गेला. सीमा आखणे, कॅमेऱ्याचे अंशांकन, धूसरपणाची दुरुस्ती, वक्र बसवणे या सर्वांची मिळून अनिश्चितता १५ टक्के धरली होती. त्या हिशेबाने २७.४ चा अर्थ २३ ते ३१.५ च्या दरम्यान कोठेतरी, असा होतो. यावर शल्यचिकित्सकांचा प्रश्न रास्त होता : एवढा पसारा असेल तर मोजून काय मिळाले? त्याला दोन उत्तरे होती. एक, न मोजता मान्यतापत्रकाच्या सरासरीवर विसंबलो असतो तर अनिश्चितता १५ नव्हे, ४५ टक्के राहिली असती. दुसरे उत्तर तितके सुखावह नव्हते. या १५ टक्क्यांचा मोठा भाग प्रत्येक फेरीत त्याच दिशेने राहतो. कॅमेऱ्याचे अंशांकन जर पाच टक्के कमी दाखवत असेल तर ते चारही फेऱ्यांत कमीच दाखवील, फेऱ्या वाढल्याने चुका एकमेकींना खोडणार नाहीत. सबब बेरीज मर्यादेच्या आसपास आली की ती मर्यादा ओलांडली गेल्याची शक्यता गंभीरपणे घ्यायला हवी.

अण्वौषधतज्ज्ञांचा कल निम्म्या फेरीकडे होता. ल्युटेशियमच्या बीटा कणांची मजल यिट्रियमच्या सुमारे अकरा मिलिमीटरच्या तुलनेत फार कमी आहे, त्यामुळे गाळणीच्या गुच्छांपर्यंत पोहोचणारा भाग कमी, आणि ल्युटेशियमच्या चार फेऱ्यांनंतर मूत्रपिंड निकामी झाल्याचे अनुभव विरळ आहेत, असे त्यांचे म्हणणे. ते खरे आहे. २३ आणि २८ या दोन्ही मर्यादा ल्युटेशियमसाठी बहुधा अतिसावध आहेत, असे मलाही वाटते. स्वीडनमधील लुंड आणि गोथेनबर्ग येथील ‘इल्युमिनेट’ या चाचणीत मूत्रपिंडाच्या जैविक परिणामी मात्रेवरच फेऱ्या ठरवल्या गेल्या, पहिल्या टप्प्यात २७ ग्रेपर्यंत आणि निवडक रुग्णांत पुढे ४० ग्रेपर्यंत. पण ज्यांच्यावर हा विरळ इजेचा अनुभव उभा आहे, त्या रुग्णांत बहुतेकांना दोन मूत्रपिंडे होती. एकातले काम घटले तर दुसरे सावरून घेईल, अशी सोय या रुग्णाच्या पोटात नव्हती.

निर्णयाचे पारडे शेवटी मूत्रपिंडाने नव्हे, गाठीने झुकवले. निम्म्या फेरीने गाठीला मिळणार होते फार तर ११ ग्रे. आधीच्या तीन फेऱ्यांचे मिळून ८९ झाले होते. सीटीवर गाठी आक्रसलेल्या होत्या, गाठींच्या संप्रेरकांमुळे होणारा अतिसार आणि चेहऱ्याची लाली जवळजवळ थांबली होती. एक अष्टमांश भर घालण्यासाठी मूत्रपिंडाची उरलेली सगळी शिल्लक आत्ताच खर्चावी, की अशा रोगात काही वर्षांनी पुन्हा डोके वर काढणाऱ्या गाठींसाठी ती राखून ठेवावी, असा प्रश्न मांडला गेल्यावर बोर्डाने चौथी फेरी सध्या न देण्याचे ठरवले. चार फेऱ्या पूर्ण झालेल्या नसल्याने ‘उपचार अर्धवट सोडला’ असा शेरा रुग्णाच्या कागदावर पडू नये, याची काळजी घ्या, अशी सूचना एका ज्येष्ठ सदस्यांनी केली. ती मला महत्त्वाची वाटली, कारण पुढच्या रुग्णालयातील डॉक्टर तोच शेरा वाचून ‘राहिलेली’ फेरी देऊन टाकण्याची शक्यता असते.

युरोपीय संघाच्या २०१३ च्या ५९ क्रमांकाच्या निदेशातील ५६ व्या कलमानुसार किरणोपचारात लक्ष्याला द्यावयाची मात्रा प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र आखावी आणि ती तशी पोहोचल्याची पडताळणी करावी, असे बंधन आहे, आणि निदेशाच्या व्याख्येत अण्वौषधाचे उपचारही येतात. तरी तेथेही ठरावीक सक्रियता देण्याची रीत पुरती मोडलेली नाही. कॅमेऱ्याचा वेळ, प्रशिक्षित भौतिकतज्ज्ञ आणि रुग्णाचे हेलपाटे या अडचणी तेथेही आहेतच. या प्रकरणात तीन फेऱ्यांसाठी मिळून कॅमेऱ्यावर पाच वेळा जावे लागले आणि पहिल्या फेरीचा हिशेब पुरा व्हायला जवळपास एक दिवस लागला. पुढच्या दोहोंचा मात्र प्रत्येकी तासाभरात झाला.

रुग्णाच्या गाळणीचा वेग तिसऱ्या फेरीनंतर सहा महिन्यांनी ५४ होता. मूत्रपिंडावरील किरणांची इजा वर्षभराने किंवा त्याहूनही उशिरा दिसू शकते, त्यामुळे या आकड्यावरून आत्ता काही म्हणता येत नाही आणि दर तीन महिन्यांनी तपासणी चालू आहे. घरी जाताना दिलेल्या कागदावर सक्रियतेच्या रकान्याशेजारी हाताने एक रकाना वाढवला होता. त्यात मराठीतच लिहिले होते : ‘उजवे मूत्रपिंड, एकमेव, २४० ग्रॅम. ल्युटेशियम डोटाटेट ३ फेऱ्या. शोषित मात्रा २०.४ ग्रे, जैविक परिणामी मात्रा २३.१ ग्रे. चौथी फेरी विचारपूर्वक दिलेली नाही. पुन्हा हे औषध देण्यापूर्वी हे आकडे पाहावेत.’ रुग्णाने तो कागद दोनदा वाचला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर ठेवतो म्हणाला.